बेळगाव ते लिस्बन: ह्यांचे पाय, इन्सुलिन आणि पावसातलं सांबऱ्याचं विमान (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं बेळगावचे, राहायला टिळकवाडीत. हे ६६ वर्षांचे, मी ६१. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आठ दिवसांसाठी लिस्बनला जायचं ठरतंय. मुलं बरोबर नाहीत, टूर कंपनी नाही, आम्ही दोघंच. तिकिटं अजून काढलेली नाहीत. एजंटनं दोन पर्याय दिलेत आणि सोमवारपर्यंत कळवा म्हणाला आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण अर्धवट सांगितलं की सल्लाही अर्धवटच मिळतो.

लिस्बनच का, ते आधी सांगते. ह्यांनी खानापूर तालुक्यातल्या मराठी हायस्कुलात ३४ वर्षं इतिहास शिकवला. वास्को द गामा ८ जुलै १४९७ ला लिस्बनहून निघाला आणि २० मे १४९८ ला कालिकतला पोचला, हे त्यांनी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल त्याला गणती नाही. गामा वारला १५२४ साली कोचीत. पुढं त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या, आणि आज लिस्बनच्या बेलें भागातल्या जेरोनिमस मठाच्या चर्चमध्ये त्याची कबर आहे. तिथं एकदा जाऊन उभं राहायचं, एवढी एकच इच्छा ह्यांनी निवृत्तीच्या दिवशी बोलून दाखवली होती. त्याच्या कौतुकापोटी नव्हे. 'ज्याच्यामुळं आपल्या किनाऱ्याचं सगळं फिरलं, तो माणूस कुठं निजलाय ते बघायचंय,' म्हणतात. त्यांची एक वही आहे. आपण रोज बोलतो ते पोर्तुगीज शब्द त्यात उतरवलेत: पाव, बटाटा, चावी, पगार, बादली, इस्त्री. आमच्या खानापूरकडचा काजू आणि निपाणीचा तंबाखू हे शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडूनच आलेले. ती वही आत्तापासून बॅगेत जाऊन बसलीय. मी पोस्टाच्या बचतीची एजंट होते. माझ्या कमिशनची आर.डी. मोडून हा खर्च करतेय, आणि ह्यांचं हे एक काम निर्विघ्न व्हावं असं मला फार वाटतं.

आता काळजीचं. गेल्या ऑगस्टमध्ये बेंगळूरला भाचीच्या बाळाचं बारसं होतं. सांबऱ्याहून, म्हणजे आमच्या बेळगावच्या विमानतळावरून, विमानाची तिकिटं काढली होती. सकाळपासून पाऊस आणि ढग असे उतरलेले की धावपट्टीचं पलीकडचं टोक दिसेना. विमान आलंच नाही, दुपारी रद्द झालं म्हणून सांगितलं. मग रात्रीची बस धरली. झोपायची जागा शिल्लक नव्हती, बसून गेलो. सकाळी उतरल्यावर ह्यांनी मोजे काढले, तर घोट्याच्या वर मोज्याच्या रबराची एवढी खोल खाच पडलेली की तीत करंगळीचं टोक बसावं. पाऊल चपलेच्या पट्ट्यात शिरेना. 'काय होत नाही, चाललं की उतरतंय,' म्हणत तसेच जिना चढले. सूज उतरायला दोन दिवस लागले. ह्यांना बारा वर्षांपासून साखर आहे, रात्री दहाला इन्सुलिन असतं, डावा गुडघा धरतो. आणि दुखलं तरी तोंडातून शब्द काढत नाहीत. मला कळतं ते चालण्यावरून.

ती बस दहा-अकरा तासांची होती. लिस्बनला आपल्याकडून थेट विमान नाही. बेंगळूर ते दुबई चार तास, दुबईत सात तास थांबा, मग लिस्बनपर्यंत आठेक तास. शिवाय बेळगावहून बेंगळूर गाठायचं ते वेगळंच.

डॉक्टरांनी पायाच्या शिरांची सोनोग्राफी केली, गाठ नाही. पण चार तासांच्या वर एका जागी बसून प्रवास केला की शिरेत रक्त गोठायचा धोका साधारण दुप्पट होतो, असं त्यांनी समजावलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात तेच आहे. निरोगी माणसाला तो धोका सहा हजारांत एक इतका कमी असतो, पण वय आणि वजन वाढलं की वाढतो. दर तासाला उठायचं, बसल्याजागी पंजे वर-खाली करायचे, पाणी प्यायचं. गुडघ्याखालचे दाबाचे मोजेही सांगितलेत, पण साखरवाल्यांनी पायाच्या धमन्या तपासल्याशिवाय ते घालायचे नसतात, म्हणून तीही तपासणी करून घेतली. माझा प्रश्न साधा आहे: हे मोजे घरातूनच घालून निघायचे की विमानात बसताना? आणि सीट. वाटेकडेची घेणार हे नक्की, पण भिंतीमागची पहिली रांग चांगली की पाय पुढच्या सीटखाली लांबवता येतात अशी मधली?

दुसरा प्रश्न तिकिटाचा, आणि सोमवारची घाई ह्याचीच आहे. पहिला पर्याय: सांबरा-बेंगळूर वेगळं तिकीट, बेंगळूर-दुबई-लिस्बन वेगळं. हे माणशी बरंच स्वस्त पडतं. दुसरा: मुंबईहून निघायचं, म्हणजे मुंबईपर्यंत पुन्हा रेल्वे नाहीतर गाडी. पहिल्यात माझा जीव टांगणीला लागतो. दोन तिकिटं वेगळी असली की सांबऱ्याचं विमान चुकल्याची जबाबदारी पुढची कंपनी घेत नाही. आपण पोचलो नाही तर ते तिकीट बुडालं, आणि पहिला टप्पा चुकला की परतीचंही बहुतेक वेळा रद्द होतं. सामानही बेंगळूरला घेऊन पुन्हा द्यावं लागतं. देशातल्या विमानात १५ किलो आणि पुढच्यात त्याहून जास्त, म्हणजे वजन मापायचं ते पहिल्या विमानाच्या हिशेबानं. आणि महिना जूनचा! गोव्याच्या मोपा विमानतळाचं कुणीतरी सुचवेलच, पण पावसात चोर्ल्याचा घाट मला नको. दरड कोसळली की दिवस गेला.

तिसरा, इन्सुलिनचा. जूनमध्ये लिस्बनचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागं असतं. म्हणजे आपले रात्रीचे दहा ते तिथले संध्याकाळचे साडेपाच. जाताना दिवस साडेअठ्ठावीस तासांचा होतो, येताना साडेएकोणीसचा. मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर दोन घड्याळं काढून हिशेब मांडला, तेव्हा कुठं मला हे उमगलं. जातानाचं निभेल, पण येताना दोन सुया जवळ येतात आणि साखर एकदम उतरायची भीती असते. डोस किती ते डॉक्टरच ठरवतील, ते इथं विचारत नाही. मला विचारायचंय ते असं की, कुणी स्वतः किंवा घरच्या माणसासोबत असा प्रवास केलाय का? वेळ कशी लक्षात ठेवलीत? पेनं सगळी हातातल्या बॅगेत घेणार, कारण खालच्या सामानात गोठली तर औषध वाया जातं. तपासणीला डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत असली की पुरते ना?

चौथा कागदपत्रांचा, जो आपल्या सीमाभागातल्या माणसालाच नीट कळेल. ह्यांच्या पासपोर्टवर जन्मगाव 'बेलगाम', आधारवरच्या पत्त्यात 'बेळगावी', कारण १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी नाव बदललं. माझा शाळेचा दाखला मराठीत, माहेरच्या नावानं. लग्नाची नोंदणी बऱ्याच उशिरा केली, तो दाखला कानडीत. शेताचा उतारा तोही कानडीत. व्हिसासाठी ह्या सगळ्यांचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी लागते का, की लग्नाच्या दाखल्याचं पुरे? तीस हजार युरोंचा विमा, माणशी नव्वद युरो फी, बँकेचे उतारे हे सगळं गोळा केलंय. अडलंय ते ह्या भाषेपाशी.

आणि शेवटचं, राहायची जागा. लिस्बन सात टेकड्यांचं गाव आणि फरसबंदीचे दगड झिजून गुळगुळीत झालेले, ओले झाले की पाय सटकतो असं वाचलं. १७५५ च्या भूकंपानंतर सपाटीवर सरळ रस्ते आखून पुन्हा बांधलेला बायशा भाग ह्यांच्या गुडघ्याला बरा वाटतो. तिथून १५ नंबरची ट्राम बेलेंला जाते. कुणी राहिलं असेल तर सांगा.

---

बुधवारची भर:

एवढ्या जणांनी एवढं मनापासून लिहिलंत, एकेकाचे आभार मानते. काय ठरलं ते सांगते.

सांबऱ्याचं विमान सोडलं. दोन दिवस आधी संध्याकाळी राणी चन्नम्मा एक्सप्रेस रेल्वेनं निघायचं, खालचे दोन्ही बर्थ. पाय लांब करून रात्र जाते, सूज चढत नाही. सकाळी बेंगळूर, तिथून देवनहळ्ळीला विमानतळाजवळ एक दिवस आणि अर्धी रात्र लॉजवर, आणि पहाटेचं दुबईचं विमान. गाडी चार तास उशिरा आली तरी हातात दिवस आहे. मुंबईच्या पर्यायापेक्षा हे स्वस्तच पडलं. ज्या ताईंनी 'पावसात वेगळी तिकिटं काढायची असतील तर मध्ये एक रात्र ठेवाच' असं लिहिलं, त्यांच्या त्या एका ओळीनं मला शांत झोप लागली.

मोजे सकाळी अंथरुणातून उठायच्या आधीच्या मापानं घ्यायचे, हे मला माहीत नव्हतं. आम्ही संध्याकाळी दुकानात जाऊन माप देणार होतो! काल सकाळी सहा वाजता इंचटेप घेऊन बसले. घोटा नऊ इंच, पोटरी साडेचौदा. आता व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरायला जाताना मोजे घालून जातात, सवय व्हावी म्हणून.

विमानातल्या जेवणाचं ज्यांनी सांगितलं त्यांचं पटलं. 'डायबेटिक' म्हणून नोंदवलं तर ताटात मांस येऊ शकतं. आपलं शाकाहारी हवं तर 'एशियन व्हेजिटेरियन' नोंदवायचं आणि भात कमी खायचा. डिंकाचे लाडू करणार होते, त्यातली खसखस काढली. अमिरातीत खसखशीला बंदी आहे, आणि आपण विमानतळावरच थांबणार असलो तरी जोखीम कशाला? आमच्या बेळगावचा दुधाचा कुंदा मात्र न्यायचा राहिला. मैत्रिणीची मुलगी लिस्बनला नोकरीला आहे, तिच्यासाठी अर्धा किलो न्यायचा होता, पण बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ युरोपात सामानातून नेता येत नाहीत. तिला फोन करून सांगितलं, तर हिरमुसली. तिच्यासाठी चटणीपूड आणि चिवडा नेतेय.

तारखाही बदलल्या. मठ सोमवारी बंद असतो आणि १३ जूनलाही. तो दिवस लिस्बनच्या संत अंतोनियोचा, गावाला सुट्टी. आम्ही शनिवारी पोचून सोमवारी मठ बघायचं म्हणत होतो. तुम्ही सांगितलं नसतं तर दारावरून परत यावं लागलं असतं. आता बुधवार ठेवलाय.

कानडी दाखल्याचं भाषांतर करून नोटरी करायला दिलंय. 'बेलगाम' आणि 'बेळगावी' एकच, असं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या करून जोडा, हे निपाणीच्या ज्या भाऊंनी सांगितलं, तेही करतेय.

एकच गोष्ट उरली, आणि तीच अवघड. लिस्बनला उतरल्यावर पासपोर्टची रांग फार मोठी असते म्हणे. युरोपात १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घ्यायला टप्प्याटप्प्यानं सुरुवात झाली, त्यानंही वेळ लागतो. आठ तास बसून आल्यावर ह्यांनी तासभर उभं राहणं मला नको आहे. व्हीलचेअर निदान दोन दिवस आधी सांगून ठेवली की मिळते, तिला पैसे पडत नाहीत, हेही कळलं. पण ह्यांना विचारलं, तर वही मिटून म्हणाले, 'आयुष्यभर वर्गात उभा राहिलोय, आता कशाला खुर्ची?'

तुमच्यापैकी कुणी आपल्या घरच्या अशाच माणसाला व्हीलचेअरसाठी तयार केलं असेल, तर कसं केलंत ते तेवढं सांगा. तिकीट शनिवारी काढतेय, त्याच वेळी ते नोंदवायचंय.