प्राग : आई-बाबांसोबत दोन दिवस, काय बघू आणि काय गाळू? (मदत हवी आहे)

निळावंती
उद्या रात्रीपर्यंत तिकिटं काढायची आहेत, त्यामुळे जरा लवकर सांगा. व्हिएन्नाहून रेल्वेने प्रागला येतोय, आई-बाबा बरोबर आहेत. हातात दोनच दिवस. कुठलीही यादी उघडा, पंचवीस ठिकाणं आणि प्रत्येकापुढे 'चुकवू नका'. मी असं ठरवलंय : पहिल्या दिवशी ओल्ड टाउन, ज्यू वस्ती, चार्ल्स ब्रिज. दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ला, संध्याकाळी बर्लिनची गाडी. जमेल का? नसेल तर काय गाळू? 'सगळंच सुंदर आहे' हे मला माहीत आहे, ते कृपया सांगू नका.

ठाणेकर_दादा
दोन दिवसांत प्राग होत नाही. त्यापेक्षा बर्लिन रद्द करा आणि बुडापेस्ट धरा. डॅन्यूबवरची रात्रीची बोट आणि गरम पाण्याची कुंडं, ज्येष्ठांना तेच आवडतं. आम्ही तेच केलं.

निळावंती
दादा, बर्लिनला बहीण आहे, तिच्याकडेच निघालोय. बुडापेस्टचा प्रश्नच नाही.

सह्यभटक
वार कोणते? महिना कोणता? आई-बाबा किती चालतात? हॉटेल कुठे? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

निळावंती
शनिवार-रविवार, जूनचा शेवटचा आठवडा. हॉटेल मुख्य स्टेशनाजवळ. वाराने काय फरक पडतो? सुट्टीच्या दिवशी सगळं उघडंच असेल ना?

मी_अनघा
इथेच राहते म्हणून सांगते, वाराने सगळाच फरक पडतो. ज्यू वस्तीतलं म्युझियम, सिनेगॉग आणि जुनी दफनभूमी शनिवारी शब्बाथमुळे (ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस) बंद असतात. आणि किल्ल्यातलं सेंट व्हिटस कॅथेड्रल रविवारी सकाळी प्रार्थना असल्यामुळे पर्यटकांना दुपारी 12 नंतरच उघडतं. म्हणजे दोन्ही दिवशी तुम्ही बंद दारासमोर उभ्या राहाल. दिवसांची अदलाबदल करा : शनिवारी किल्ला, रविवारी सकाळी ज्यू वस्ती.

सह्यभटक
बरोबर. किल्ल्याला मात्र चालतच जा. चार्ल्स ब्रिज ओलांडून माला स्त्रानात, म्हणजे किल्ल्याखालच्या जुन्या वस्तीत शिरायचं आणि नेरुदोव्हा रस्त्याने चढत राहायचं. घरांवर नंबरांच्या आधीच्या काळातल्या खुणा आहेत, तीन व्हायोलिनं, दोन सूर्य. ट्राममधून हे काही दिसत नाही.

निळावंती
आईच्या गुडघ्यांचा त्रास आहे. चढ आणि पायऱ्या जमणार नाहीत. बाबा खणखणीत आहेत.

सह्यभटक
हे आधी सांगायला हवं होतं. तरी नेरुदोव्हाला पायऱ्या नाहीत, चढ आहे. बसत-बसत जमेल.

मी_अनघा
नाही जमणार. सगळा रस्ता दगडी फरसबंदीचा आहे आणि चढ सरळसोट. 22 नंबरची ट्राम घ्या. स्टेशनावरून मेट्रोच्या 'सी' लाइनने दोन स्टेशनं, ई. पे. पाव्हलोव्हाला उतरा, तिथून 22 थेट 'प्राझ्स्की ह्राद' थांब्यावर सोडते. तिथून पुलावरून जवळपास सपाट चालत किल्ल्याच्या दुसऱ्या चौकात पोचता. परतताना जुन्या जिन्याने मालोस्त्रान्स्का मेट्रो स्टेशनाकडे उतरायच्या मोहात पडू नका, उतरताना गुडघे जास्त दुखतात. पुन्हा ट्रामच घ्या. आणि कागदी तिकीट पिवळ्या मशीनमध्ये छापून घ्या. न छापलेलं तिकीट तपासनीसाच्या लेखी तिकीटच नाही.

पंतोजी
मी म्हणतो किल्ला गाळा आणि व्हिशेराडला, नदीकाठच्या दुसऱ्या जुन्या गडावर जा. गर्दी नाही, नदीचा देखावा तसाच, आणि संगीतकार ड्वोर्झाक व स्मेताना, चित्रकार मुखा, लेखक चापेक एकाच दफनभूमीत. 'रोबोट' हा शब्द जगाला चापेकच्या नाटकाने दिला, 1920 साली. आपल्याकडे लेखकाच्या कबरीवर अशी फुलं पडलेली पाहिली आहेत का कुणी?

सह्यभटक
पहिल्यांदा प्रागला जाणाऱ्याला किल्ला गाळायला सांगताय? ज्या कॅथेड्रलचा पाया 1344 साली पडला आणि बांधकाम 1929 साली पुरं झालं, ते न बघता परतायचं? बाबांना कशाची आवड आहे ते विचारा आधी.

निळावंती
बाबा इतिहासाचे शिक्षक होते. युरोपचा इतिहास वर्षानुवर्षं शिकवला, पण इथे पहिल्यांदाच येतायत.

मी_अनघा
मग प्रश्नच मिटला! किल्ल्यातला जुना राजवाडा दाखवा. व्लादिस्लाव सभागृहाला लागून जी दालनं आहेत, तिथल्याच खिडकीतून 1618 साली सम्राटाचे दोन अधिकारी आणि त्यांचा चिटणीस बाहेर फेकले गेले. तिघेही वाचले, पण तीस वर्षांच्या युद्धाची ठिणगी तिथे पडली. बाबांना त्या खिडकीतून खाली वाकून बघू दे. सभागृहाकडे येणारा जिना मुद्दाम बुटक्या, रुंद पायऱ्यांचा आहे. सरदार घोड्यावर बसूनच आत येत आणि आतच भाल्यांचे सामने होत. तिकीट दोन दिवस चालतं, त्यामुळे एकाच दिवसात सगळं उरकायची घाई नको. दुपारी 12 वाजता पहिल्या चौकात पहारा बदलतो, तेही जमलं तर बघा.

खादाड_खंडू
शाकाहारी आहात का? असाल तर 'स्माझेनी सीर', म्हणजे तळलेलं चीज, सगळीकडे मिळतं. बरोबर बटाटे. ट्रडेल्निक (गुंडाळून भाजलेला गोड पाव) जुना चेक पदार्थ म्हणून विकतात, खाऊ नका. मूळचा तो इथला नाही, स्लोव्हाकियातल्या स्कालित्साचा नावाजलेला आहे.

ठाणेकर_दादा
खाऊ द्या हो, गरम असतो आणि छान लागतो. महत्त्वाचं म्हणजे पैसे. तिथे युरो नाही, कोरुना चालतो. ओल्ड टाउनमधल्या एका दुकानात माझे युरो वाईट दराने बदलून दिले होते. आता 2019 पासूनच्या कायद्याने तीन तासांत व्यवहार रद्द करता येतो, पावती जपून ठेवा. मशीनमधून पैसे काढताना 'रुपयांत हिशोब करू का' असं विचारलं तर नाही म्हणा.

पंतोजी
ओल्ड टाउनच्या टाउन हॉलवरच्या खगोलीय घड्याळाबद्दल कुणीच बोललं नाही. लोक तासाला जमतात, प्रेषितांच्या मूर्ती दोन खिडक्यांतून सरकतात, सांगाडा दोरी ओढतो, कोंबडा आरवतो आणि सगळे 'एवढंच?' म्हणून पांगतात. खरं बघायचं ते खाली. 1410 सालच्या त्या तबकडीवर राशींचं वर्तुळ आहे, सूर्य-चंद्र कुठे आहेत ते दिसतं, आणि बाहेरच्या कड्यावर जुने चेक तास आहेत, सूर्यास्तापासून मोजलेले. आपल्या पंचांगात घटका सूर्योदयापासून मोजतात, त्यामुळे बाबांना लगेच उमजेल. दहा मिनिटं आधी जा आणि मूर्तींकडे न बघता तबकडी वाचा. त्याच टाउन हॉलच्या मनोऱ्याला लिफ्ट आहे, आईंना वरून शहर दिसेल.

वसईकर_मावशी
आम्हां भाविकांच्या वतीने एक. माला स्त्रानातल्या 'अवर लेडी व्हिक्टोरियस' चर्चमध्ये प्रागच्या बाळ येशूची मूर्ती आहे. स्पेनहून आलेली, 1628 साली कार्मेलाइट साधूंना दिली गेली. नाशिकरोडला फेब्रुवारीत बाळ येशूची यात्रा भरते ना, तो हाच बाळ येशू. मूर्ती जेमतेम दीड फुटाची आहे, तिचे झगे चर्चच्या सणांच्या काळाप्रमाणे बदलतात. प्रवेश मोफत. किल्ल्यावरून परतताना तीच 22 ट्राम, हेलिखोव्हा थांबा.

निळावंती
हे कुठल्याच यादीत नव्हतं! आमचे शेजारी दरवर्षी नाशिकरोडला जातात, त्यांच्यासाठी नक्की जाईन. आता असं : शनिवारी ट्रामने किल्ला, राजवाडा, बाळ येशू, संध्याकाळी पूल. रविवारी सकाळी ज्यू वस्ती, मग घड्याळ आणि मनोरा, मग गाडी. व्हिशेराड गाळते. ज्यू वस्तीतलं एकच बघायचं तर कुठलं? आणि सामानाचं काय?

मी_अनघा
पिंकास सिनेगॉग. भिंतींवर बोहेमिया आणि मोराव्हियातल्या, नाझींच्या काळात मारल्या गेलेल्या जवळपास 78,000 ज्यूंची नावं हाताने लिहिली आहेत, आडनाव लाल, नाव आणि तारखा काळ्या. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या नाझी छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं आहेत. आई-बाबांना आधी सांगून ठेवा, तिथे फार जड होतं मन. शेजारीच जुनी दफनभूमी. उघडतानाच पोचा. सामान हॉटेलातच ठेवा, स्टेशन जवळच आहे.

सह्यभटक
पूल संध्याकाळी नको, पहाटे पाचला. जूनमध्ये उजाडलेलं असतं आणि तिसाही पुतळ्यांपाशी कुणी नसतं. आईंनाही सपाट चाल आहे.

ठाणेकर_दादा
पहाटे पाचला ज्येष्ठांना उठवताय? रात्री दहानंतर न्या, किल्ल्यावर दिवे लागलेले असतात.