सॅन डिएगो गॅसलॅम्प : मॅच, बार आणि मेक्सिकन खाणं, आपापले अनुभव लिहा

नवऱ्याची बदली सॅन डिएगोला झालीये आणि घर मिळालंय डाउनटाउनमध्येच, पेटको पार्क या बेसबॉल स्टेडियमपासून चालत जाण्याइतकं. इथल्या गॅसलॅम्प भागात फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर एक सोडून एक स्पोर्ट्स बार नाहीतर मेक्सिकन हॉटेल, आणि प्रत्येकाच्या दारात कोणीतरी मेन्यू घेऊन बोलवायला उभं. नवरा क्रिकेट-फुटबॉलवेडा, मी शाकाहारी (अंडं चालतं), दिवाळीनंतर सासूबाई येणार. नुसती यादी काय गूगलवरही मिळते हो, मला तुमचे अनुभव हवेत. काय खाल्लं, कुठे पैसे वाया गेले, मॅच कशी बघितली. लांबलचक लिहिलंत तरी चालेल.

मटकीची उसळ
वेलकम! आधी पाड्रेजचं (इथली बेसबॉल टीम) वेळापत्रक फोनमध्ये टाका. होम गेमच्या संध्याकाळी गॅसलॅम्पमध्ये गाडी घेऊन जायचं नाव काढू नका, ट्रॉली (इथली शहरातली ट्रेन) थेट दारात सोडते आणि दोन बिअर झाल्या तरी चिंता नाही. मॅच सुरू झाली की तासदीड तास बार त्यातल्या त्यात रिकामे असतात, तेव्हा जेवून घ्यायचं. स्टेडियम 2004 चं, पण डावीकडच्या कोपऱ्यात 1909 ची वेस्टर्न मेटल सप्लायची विटांची इमारत तशीच ठेवलीये आणि तिची कडच फाउल पोल (चेंडू हद्दीत की बाहेर ते ठरवणारा खांब) म्हणून धरतात, बेसबॉल कळत नसेल तरी बघा.
एनएफएलचं, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचं म्हणाल तर इथली टीम चार्जर्स, ते 2017 ला एलएला (लॉस एंजेलिसला) निघून गेले, जुने लोक अजून शिव्या घालतात. आता एक बार शिकागोवाल्यांचा तर शेजारचा पिट्सबर्गवाल्यांचा. इथल्या घड्याळाप्रमाणे रविवारच्या पहिल्या मॅचेस सकाळी 10 ला, त्यामुळे अंड्याच्या नाश्त्याबरोबर बिअर हे दृश्य इथे नॉर्मल आहे.

घासफूस
शाकाहारी आहात म्हणून लिहितेय. 'नो मीट' एवढ्यावर थांबू नका. रिफ्राइड बीन्समध्ये बऱ्याच ठिकाणी लार्ड म्हणजे डुकराची चरबी असते आणि तो लालसर भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, वेटर मात्र खुशाल व्हेजिटेरियन आहे म्हणून सांगतो कारण त्याच्या हिशोबात त्यात मांसाचा तुकडा नाही. मी सरळ 'सिन मान्तेका?' विचारते, मग तो आत जाऊन विचारून येतो. सुरक्षित म्हणजे नोपालेस (निवडुंगाची पानं, काटे काढून परतलेली, भेंडीसारखी जराशी बुळबुळीत), चीज घातलेली केसाडिया, ग्वाकामोले (अवोकाडोची चटणी). फिफ्थवरच्या एका ठिकाणी ग्वाकामोले टेबलापाशी आणून कुटतात आणि त्या कुटण्याचे वेगळे पैसे लावतात असं माझं स्पष्ट मत आहे.

पहाटेचा टॉस
क्रिकेटसाठी हे शहर अवघड आहे. 2023 चा वर्ल्ड कप फायनल इथे रात्री 12:30 ला सुरू झाला. कॅलिफोर्नियात पहाटे 2 ते 6 दारू विकता येत नाही, त्यामुळे आपली बॅटिंग संपायच्या आत बार बंद आणि ट्रॅव्हिस हेडने काय केलं ते आम्ही घरीच बघितलं, ते बरंच झालं म्हणा.
2024 चा टी-20 फायनल मात्र सकाळी 7:30 ला. ग्रुपमधल्या एकाने आधीच बारच्या मॅनेजरला गाठलं. घरचं सबस्क्रिप्शन बारमध्ये लावता येत नाही, कमर्शियल लागतं, एकाने तर तोंडावर नाही म्हटलं, दुसरा म्हणाला तीसेक माणसं आणा आणि सगळ्यांनी नाश्ता मागवायचा. चिलाकिलेस खाल्ले, म्हणजे तळलेल्या टॉर्टियाचे (मेक्सिकन पोळीचे) तुकडे साल्सात परतून वर अंडं, आपल्या फोडणीच्या पोळीच्या जवळचं प्रकरण. आफ्रिकेला 30 बॉलला 30 हवे होते तेव्हा कोणी काटाही उचलत नव्हतं, आणि शेवटच्या ओव्हरला सूर्याने मिलरचा तो कॅच घेतल्यावर बारमागचा माणूस, ज्याला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, तो आमच्या आधी ओरडला, बेसबॉलवाला ना, बाउंड्रीवरचा कॅच त्याला समजावायची गरजच नव्हती. तेव्हा तुमच्या अहोंना सांगा, मॅनेजरशी दोस्ती आत्तापासून.

होस्टेस होते मी
मी तिथल्या एका स्पोर्ट्स बारमध्ये काही महिने काम केलंय, नाव नको. आपल्या लोकांत टीपवरून फार वाद होतात म्हणून सांगते. इतर बऱ्याच राज्यांसारखा कमी पगार वेटरला कॅलिफोर्नियात देता येत नाही, पूर्ण मिनिमम वेज मिळतो, 2025 ला शहरात तो तासाला 17.25 डॉलर होता. म्हणून टीप देऊच नये असं म्हणणारे आहेत, मला नाही पटत, एवढ्या पगारात या शहरात घरभाडं निघत नाही आणि आमच्याकडे टीप किचनपर्यंत वाटली जायची. आमचे दोन कुक रोज मेक्सिकोतल्या तिहुआनाहून यायचे, पहाटे सॅन इसिद्रोच्या बॉर्डरला लाइन लावून, मग ब्लू लाइन ट्रॉली. गिऱ्हाइकांना विंग्ज आणि नाचोज, स्वतःसाठी मात्र मागे चिले घालून असं काही रांधायचे की मेन्यूवरचं काही खावंसंच वाटायचं नाही. बिल मात्र नीट वाचा, काही ठिकाणी तळाला सरचार्ज छापलेला असतो, तो म्हणजे टीप नव्हे.

भांडकुदळ
मला गॅसलॅम्प आवडत नाही, सांगून टाकतो. सगळीकडे तीच फाहिता, तीच गोडमिट्ट मार्गारिटा, आवाज एवढा की समोरच्याचं ऐकू येत नाही. मॅच तिथे बघा आणि जेवायला बॅरिओ लोगान या मेक्सिकन वस्तीत जा, ट्रॉलीने पाच-दहा मिनिटं. कोरोनाडोच्या पुलाखाली चिकानो (मेक्सिकन वंशाचे अमेरिकन) पार्क आहे. फ्रीवे आणि पुलाने वस्ती चिरली, वर पार्क देतो म्हणून सांगितलेल्या जागेवर पोलिसांचं ऑफिस बांधायला घेतलं, तेव्हा 1970 च्या एप्रिलमध्ये लोकांनी ती जागाच ताब्यात घेतली. आज पुलाच्या खांबाखांबावर चित्रं आहेत. ती बघा, मग लोगान अ‍ॅव्हेन्यूवर टाको खा.

मटकीची उसळ
@भांडकुदळ, रात्री बार सुटल्यावर फुटपाथवर बेकन गुंडाळलेला हॉटडॉग कांदा-मिरचीसकट खाताना तुम्हालाच बघितलं होतं ना मी?

भांडकुदळ
तो गॅसलॅम्पचा नाही, तिहुआनाचा आहे. 😀

सूनबाई नं. 2
सासूबाईंसाठी : आमच्या साबा दारात आयडी मागितल्यावर जाम खूश, सत्तरी ओलांडलेल्या बाईला 21 ची आहेस का विचारतात म्हणून. पासपोर्ट बरोबर ठेवा, ड्रायव्हिंग लायसन्स नसतं ना त्यांच्याकडे. हामायका (एक सरबत) द्या, ती लाल अंबाडीच्या बोंडांचीच असते, आमच्या अमरावतीच्या असल्यामुळे पहिल्या घोटात ओळखली. मग टॉर्टिया करणाऱ्या बाईंपाशी उभ्या राहून हातवारे करत चौकशी, मक्याच्या पिठाची एवढी पातळ थापली जाते कशी, चिरत कशी नाही. मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात, त्याने साल सुटतं आणि पीठाला चिकटपणा येतो. साबा म्हणाल्या, "चुना? पानाचा?" आणि आता नागपूरला दिरांच्या घरी प्रयोग चालू आहेत, दीर वैतागलेत. रात्री उशिरा नेऊ नका, नऊनंतर म्युझिक वाढवतात. आणि जुलैत कॉमिक-कॉनच्या (कॉमिक्स-सिनेमावाल्यांचं मोठं संमेलन) आठवड्यात कोणी पाहुणे येत असतील तर तारखा बदलायला सांगा, टेबलच मिळत नाही.