मदत हवी आहे: रोबोटिक हाताच्या खांद्याला कुठला इंटिग्रेटेड सर्वो (मोटर, गिअर आणि कंट्रोलर एकत्र असलेला) घ्यावा?

टेबलावर बसवायचा ४ सांध्यांचा हात करायचा आहे. खांद्यापासून पकडीपर्यंत ४५ सेंमी, कोपर २२ सेंमीवर, उचलायचं वजन ५०० ग्रॅम. मनगट आणि पकड मिळून २५० ग्रॅम होतील. बेस आणि खांद्याला डायनामिक्सेलचा सर्वो एक्सएम४३०-डब्ल्यू३५० (१२ व्होल्टला टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ४.१ न्यूटन-मीटर), बाकी ठिकाणी एक्सएल४३०-डब्ल्यू२५०. पुरेल का? एसएमपीएस (पॉवर सप्लाय) किती अँपिअरचा लागेल?

प्रतिसाद १
नाही पुरणार. हात आडवा धरून हिशोब करा: नुसत्या ५०० ग्रॅमचे खांद्यावर २.२ न्यूटन-मीटर, मनगट-पकडीचे ०.९, कोपराचा सर्वो आणि पट्ट्या धरून आणखी पाऊण. झाले ३.९. तुमचे ४.१ हे स्टॉल टॉर्क आहेत, म्हणजे मोटर अडकून थांबते तेव्हाचे. हालचाल स्थिर हवी तर भार स्टॉलच्या पाचव्या हिश्शात बसवा, असं कंपनीच्याच माहितीपत्रकात आहे.

कोपराला तर १.६ लागतात आणि एक्सएल४३०चा स्टॉलच १.५. तो हात उचलणारच नाही.

खांद्याला दोन एक्सएम५४०-डब्ल्यू२७० समोरासमोर लावा (प्रत्येकी १०.६), कोपराला एक. बेसचा एक्सएम४३० राहू द्या, त्याला वजन पेलायचं नाही. खांद्याच्या जोडीत एकाचा ड्राइव्ह मोड (फिरण्याची दिशा) उलटा करा आणि सेकंडरी आयडीने (दुसऱ्या सर्वोला दिलेले आदेशही पाळायची सेटिंग) त्याला दुसऱ्याच्या मागे चालवा. दोघांचं शून्य जुळवल्याशिवाय टॉर्क चालू करू नका, नाहीतर एकमेकांविरुद्ध जोर लावून दोन्ही तापतात.

प्रतिसाद २
ऑर्डर देण्याआधी नावाचं शेवटचं अक्षर बघा. एक्सएल४३० फक्त टीटीएलवर (तीन पिनांची डेटा जोडणी) चालतो, त्यामुळे एक्सएमसुद्धा ‘टी’वालेच घ्या. ‘आर’ म्हणजे आरएस-४८५, चार पिनांचा. तो त्याच बसवर (सगळ्यांच्या सामायिक डेटा लाइनवर) जोडता येत नाही.

सगळ्यांचे स्टॉल करंट मिळून १८ अँपिअर होतात, पण सगळे एकदम अडकत नाहीत. १२ व्होल्ट १५ अँपिअर घ्या. मात्र सगळा करंट एकाच साखळीतून नेऊ नका: कनेक्टरची पिन ३ अँपिअरची आणि एक्सएम५४० एकटाच स्टॉलला ४.४ ओढतो. खांदा आणि कोपराला जाड वायरने वेगळा सप्लाय द्या, ग्राउंड सगळ्यांचं एकच. यू२डी२ (सर्वो संगणकाला जोडायचं यूएसबी अडॅप्टर) फक्त डेटा देतं, पॉवर नाही.

नवीन सर्वोंचा आयडी १ असतो. एकेक जोडून बदला, टॉर्क बंद ठेवून.

धागाकर्ता
कोपराला एक्सएम५४० लावला तर खांद्यावरचा भार वाढेल ना?

प्रतिसाद १
हो, ४.१ च्या आसपास जाईल. जोडीचे २१.२ आहेत, म्हणजे एकोणीस टक्के, चालेल. तरी चाचणीत हाताखाली फोम ठेवा. ओव्हरलोड आला की एलईडी लुकलुकतो, टॉर्क सुटतो आणि हात धाडकन खाली येतो. मग रीबूट करून टॉर्क पुन्हा चालू करावा लागतो.