कॉर्डलेस फोन बोलता बोलता बंद पडतो, मागे गुणगुणही येते – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आईच्या खोलीतला कॉर्डलेस फोन हल्ली फार त्रास देतोय. रात्रभर बेसवर ठेवला की बॅटरीच्या सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात, पण बोलायला लागलं की थोड्याच वेळात टूं-टूं करून बंद. स्वयंपाकघराकडे गेलं की आवाज तुटतो, आणि बोलण्यामागे बारीक गुणगुण सतत चालू असते. लाइनवर तांब्याच्या तारेचं ब्रॉडबँड आहे. आईला मोबाइलवर नीट ऐकू येत नाही, याची मोठी बटणं तिच्या हातात बसली आहेत, म्हणून हाच दुरुस्त व्हावा असं मनापासून वाटतं. बॅटरी गेली की बेस? साधे पेन्सिल सेल चालतील का?

प्रतिसाद: साधे सेल अजिबात नकोत! बेस त्यांनाही चार्ज करायला जाईल. ते गळतात, फुटूही शकतात. मागचं झाकण काढून जुन्या सेलवर काय छापलंय ते बघा. बहुतेक फोनमध्ये १.२ व्होल्टचे निकेल-मेटल हायड्राइड सेल असतात. म्हातारा सेल लवकर ‘भरतो’, कारण त्यात साठवायची ताकदच उरलेली नसते. त्यामुळे काड्यांवर जाऊ नका, सगळे सेल एकदमच बदला. चार्जिंगच्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसून घ्या.

तुटणारा आवाज वेगळी गोष्ट. फोन २.४ गिगाहर्ट्झचा असेल तर मायक्रोवेव्ह आणि वायफाय रेडिओ लहरींच्या त्याच पट्ट्यात येतात. बेस राउटरपासून लांब, जरा उंचावर ठेवून बघा. गुणगुणीसाठी त्याच सॉकेटला वायरवाला फोन लावून बघा, त्यावरही आली तर दोष कॉर्डलेसचा नाही.

धागाकर्ता: लावला. त्यावरही तीच गुणगुण! ब्रॉडबँडचा फिल्टर (इंटरनेटचे सिग्नल फोनपासून दूर ठेवणारी छोटी डबी) दिवाणखान्यातल्या सॉकेटला आहे, आईच्या खोलीत नुसती पॅरलल वायर आली आहे.

प्रतिसाद: मग बहुधा तेच कारण. लाइन घरात येते तिथेच स्प्लिटर (फोन आणि इंटरनेटचे सिग्नल वेगळे करणारी डबी) नसेल, तर प्रत्येक फोनच्या सॉकेटला वेगळा फिल्टर लागतो. आईच्या खोलीत एक लावा. तरीही गुणगुण राहिली तर लाइनची तक्रार नोंदवा, फोन बदलू नका.

आणि तो वायरवाला फोन काढून ठेवू नका. वीज गेली की कॉर्डलेसचा बेस बंद पडतो. तांब्याच्या लाइनवर वायरवाला मात्र चालू राहतो. आई घरी एकट्या असतील तर तो त्यांच्या हाताशीच असू द्या.