सोसायटी ग्रुप: टाकीतला उतार टिकत नाही

ए-२०३: नमस्कार मंडळी. माशांच्या टाकीत मागे उंच, पुढे सखल असा बारीक वाळूचा उतार केला होता. बघता बघता सगळं सपाट झालं. दोन फुटी टाकी आहे. कोणाला यातलं कळतं का?

बी-१०४: सी विंगच्या काकांना विचारा. त्यांची टाकी बघायला आमची मुलं रोज जातात.

सी-५०१: सपाट होणारच गं. वाळू पाण्यात सुटी असते, त्यात मासे उकरतात, फिल्टरचा प्रवाह ढकलतो. नुसत्या ढिगाला आधार नाही. कोकणात डोंगरउतारावर भातखाचरं बांध घालून धरतात ना, तसे टाकीतही बांध घालायचे. मासे कोणते आहेत?

ए-२०३: दोन गोल्डफिश आणि थोडे गप्पी, काका.

सी-५०१: गोल्डफिश म्हणजे पक्के उकरणारे. मग बांध हवेतच. ॲक्रिलिक घेऊ नकोस, त्याला सिलिकॉन नीट धरत नाही. काचवाल्याकडून काचेच्या दोन पट्ट्या कापून घे, कडा घासून. सिलिकॉन बुरशीरोधक औषध नसलेलं. टाकी रिकामी आणि कोरडी हवी, आणि चिकटवल्यावर ४८ तास हात लावायचा नाही.

ए-२०३: तोवर मासे?

सी-५०१: मोठ्या टबात, टाकीच्याच पाण्यात. फिल्टर तिथे चालू ठेव. त्यातला स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने त्यातले घाण पचवणारे जिवाणू मरतात आणि पुढे माशांना विषारी अमोनिया चढतो. हे सगळ्यात महत्त्वाचं.

सी-५०१: आता मापं. तुझी टाकी ६० बाय ३०. पुढचे १२ सेंमी सखल, ३ सेंमी थर. मधले ९ सेंमी, थर ७. मागचे ९ सेंमी, थर १२. साधारण साडेबारा लिटर माल लागतो.

डी-६०२: साडेबारा लिटर ॲक्वासॉइल, म्हणजे पाणझाडांची ती तयार माती, घ्यायची म्हणजे खिसा रिकामा. 😊

सी-५०१: म्हणून पोटात सॉइल घालायचंच नाही. मागच्या दोन पायऱ्यांत तळाला नायलॉन जाळीच्या पिशव्यांत लाव्हा खडी भर. हलकी, सच्छिद्र, पाणी खेळतं. तिच्यावर मच्छरजाळीचा तुकडा, धातूचा नव्हे, आणि मग वरचा थर. जाळी नसेल तर बारीक वाळू खडीच्या फटींतून खाली झिरपते आणि खडी वर येते. खूप जणांचं इथेच बिनसतं.

सेक्रेटरी: उद्या पाणी सकाळी ६ ते ७ याच वेळेत येईल. कृपया नोंद घ्यावी.

बी-१०४: काका, जाड थराखाली वास येतो म्हणतात. खरं का?

सी-५०१: बारीक वाळू ५ सेंमीपेक्षा जाड झाली की दाबून बसते. खाली ऑक्सिजन पोचत नाही, काळे डाग पडतात, कुजक्या अंड्यासारखा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड. म्हणून वाळू फक्त पुढे, पातळ थरात. मागे दोन-तीन मिमीची खडी किंवा सॉइल, त्यात मुळं फोफावतील अशी झाडं. क्रिप्टोकोरिन लाव, त्याच्या जाती आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांतही उगवतात. नवी झाडं गोल्डफिश उपटतात, म्हणून बुंध्याशी दगड ठेव.

ए-२०३: पट्ट्या झाकायला दगड खाडीवरून आणले तर चालतील?

सी-५०१: खाडीची रेती, शिंपले नकोत, कॅल्शियममुळे पाणी जड होतं. आपला काळा बेसाल्ट उत्तम. फक्त पोकळ्यांत पांढरे खडे दिसले तर व्हिनेगरचे थेंब टाकून बघ. फसफसलं तर तो दगड बाजूला. आणि दगड थेट काचेवर नाही, खाली पातळ फोम.

डी-६०२: वजनाचंही बघा. दोन फुटी दीड फूट उंच टाकी असेल तर पाणीच ८१ लिटरपर्यंत. काच-दगड धरून शंभर किलोच्या वर. टीव्हीच्या टेबलावर ठेवू नका.

सी-५०१: अगदी बरोबर. मजबूत स्टँड, भिंतीला लागून.

ए-२०३: लोखंडी स्टँड आहे. पण काका, एवढा खटाटोप केल्यावर दिसायला खरंच फरक पडतो?

सी-५०१: फूटभर खोलीची टाकी दुप्पट खोल दिसते, हा माझ्या डोळ्यांचा हिशोब. जपानच्या ताकाशी अमानोंच्या टाक्यांचे फोटो शोधून बघ, मागे जमीन चढवली की नजर आत जाते. शिवाय घाण घरंगळून पुढच्या सपाटीवर येते, पाइपने पटकन ओढून घेता येते. गोल्डफिशच्या टाकीत हे फार मोलाचं.

बी-१०४: पाणी भरताना सगळं उधळतं ना?

सी-५०१: आधी स्प्रेने थर ओला कर. मग बशी ठेव, तिच्यावर प्लास्टिकची पिशवी, आणि बारीक धारेने भर. घाई नाही. सॉइल वापरलंस तर ते सुरुवातीला अमोनिया सोडतं, टेस्ट किटवर शून्य दिसेपर्यंत मासे टबातच.

ए-२०३: काका, शनिवारी काचवाल्याकडे जाते. पट्ट्यांची उंची ७ आणि १२ च सांगू?

सी-५०१: दोन्ही एकेक सेंमी जास्त सांग, नाहीतर खडी काठावरून सांडते. आणि लांबी टाकीच्या आतून मोज, बाहेरून नाही.