व्हीआर हेडसेट घालून कोडिंग जमतं का?

प्रश्न: मंडळी, क्वेस्ट ३ हा व्हीआर हेडसेट घ्यायचा विचार चाललाय, पीसीत ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड आहे म्हणजे गेमचं टेन्शन नाही, पण घरी पटवायचं तर कामाचंही कारण पाहिजे ना, म्हणून विचारतो की त्यात मोठ्ठा स्क्रीन लावून दिवसभर विममध्ये (कोड लिहायचा एडिटर, सगळं कीबोर्डवरच चालतं) काम होईल का?

प्रतिसाद: नाही रे बाबा. एका डोळ्याला २०६४ बाय २२०८ पिक्सेल ऐकायला लय वाटतात पण ते अख्ख्या नजरेभर पसरतात, नजरेच्या एका अंशाला पडतात जेमतेम पंचवीस, टेबलावरचा साधा २७ इंची १४४०पी मॉनिटर हातभर अंतरावरून जवळपास दुप्पट देतो. मित्राच्या हेडसेटवर ट्राय केलं, कोलन की सेमीकोलन ते कळायला मान पुढे काढून बघत होतो, कासवासारखी.

प्रतिसाद: शिवाय अर्धा किलो वजन. तासाभरात कपाळावर वळ.

प्रतिसाद: विमवाल्याला कीबोर्ड दिसला नाही तरी चालतं हा एक फायदा आहे हां, व्हीएस कोडवाले माउस शोधत बसतील 😄 पण १९९१ च्या एडिटरसाठी एवढा खर्च? रेसिंग गेमसाठी घे, तिथे पैसे वसूल.

प्रश्नकर्ता: बरं, मग घरी व्यायामासाठी घेतोय असं सांगतो.