तो बास नाही, पण जिताडा आहे

भाचा अमेरिकेत तळ्यावर होडीतून 'बास' धरतो, तसा मासा कोकणात गळाला लागेल का, असं विचारलंय तुम्ही. तो नाही लागायचा. लार्जमाउथ बास मूळचा उत्तर अमेरिकेतला. पण आपला खाडीतला मासा, जिताडा, आहे की! कूळ वेगळं, खोडी त्याच: आडोशाला दबा धरायचा आणि टप्प्यात आलं की गट्टम.

अलिबाग-पेणच्या खारेपाटात, म्हणजे खाडीलगतच्या खारवट जमिनीच्या पट्ट्यात, लोक तो शेततळ्यातही वाढवतात. गोड्या पाण्यात मजेत राहतो, अंडी घालायला मात्र त्याला खारं पाणीच लागतं.

होडीतून जाणार असाल तर ओहोटी लागली की उघाडीच्या, म्हणजे खाडीच्या बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, तोंडाशी थांबा. बारीक कोळंबी, बोयटं असले छोटे मासे पाण्याबरोबर बाहेर येतात, तिथेच हा टपलेला. होडी धारेत नको, कडेला लावा. जिवंत कोळंबी गळाला. लागला की उसळी मारून डोकं झटकतो, दोर ढिला पडला की गेलाच. आणि कल्ल्यात बोटं घालू नका, झाकणाची कड पात्यासारखी असते. माझ्या अंगठ्यावर अजून वण आहे. त्या दिवशी मासाही सुटला, आणि घरी ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.